माझा तुटलेला इंच

मी एक जुनी लाकडी मोजपट्टी आहे, आणि मित्रांनो, मी एका माणसावर डूख धरून आहे. हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर मागाहून तुम्ही म्हणाल, आम्हाला वाटले ही गरीब पट्टी काहीतरी गोडगोड सांगेल.

मेपलच्या एका फळीतून माझा जन्म झाला. फळीचे बारा तुकडे कापले, त्यांना पिवळा रंग दिला, वर काळ्या रेघा आणि आकडे छापले आणि पितळी बिजागऱ्यांनी आम्हा बारा जणांना एकमेकांत अडकवले. मिटले की मी वीतभराहून लहान, उघडले की सहा फूट. दुकानात फार दिवस राहावे लागले नाही. तेओदोर मेल्निचुक यांनी मला उचलले, उघडून पाहिले, बिजागऱ्या कानाशी धरून वाजवल्या आणि म्हणाले, "ही चालेल."

माझे धनी गॅसफिटर होते. कॅनडात यॉर्कटनच्या उत्तरेला, गव्हाच्या शेतांत आमचे युक्रेनी ख्रिस्ती लोकांचे गाव. रोज सकाळी देवमातेच्या तसबिरीपुढे दिवा लावायचा, हात जोडायचे आणि मग मला विजारीच्या लांब खिशात घालून बाहेर पडायचे, हा त्यांचा नेम. प्रत्येक माप ते दोनदा घेत आणि आकडा मोठ्याने म्हणत. लोक म्हणत, "तेओदोरनं मोजलं ना? मग पुन्हा बघायला नको." हे ऐकून मी फुगत असे. लाकूडच मी, फुगणारच.

बंद काचेच्या गॅस फायरप्लेस बसवणे हे त्यांचे मुख्य काम. ही फायरप्लेस खोलीतली हवा घेत नाही. एका जाड नळीच्या पोटात दुसरी बारीक नळी असते. जाड नळीतून आगीला बाहेरची हवा मिळते आणि बारीक नळीतून जळका वायू बाहेर जातो. दोघींचे मिळून एकच तोंड भिंतीतून बाहेर निघते, आणि ते तोंड चांगलेच तापते. धनी म्हणत, "आग आणायची म्हणजे आधी तिचं तोंड कुठं उघडणार ते ठरवायचं. बाकी सगळं नंतर." मग आम्ही दोघे घराभोवती फिरायचो. खिडकी किती लांब, गॅसचे मीटर किती लांब, भिंतीच्या आत लाकडाचे दांडे कुठे, विजेच्या तारा कुठे, बर्फ किती उंच साचतो.

आणखी एक गोष्ट ते मोजत. थंडी सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे घराच्या पायाशी चारही बाजूंनी गव्हाच्या काडाचे गठ्ठे रचतात, म्हणजे वारा जमिनीखालून शिरत नाही आणि घरातली फरशी गार पडत नाही. पणज्यांच्या काळापासूनची रीत. एक गठ्ठा दीड फूट उंच. म्हणून धन्यांनी फायरप्लेसचे तोंड तीन फुटांच्या खाली कधी काढले नाही.

आता लेव्को. तो धन्यांच्या थोरल्या बहिणीचा, ओलेनाचा नवरा. गिऱ्हाइके तो आणायचा, काम धनी करायचे. लेव्को कायम घाईत. त्याच्या घाईपुढे गाडी सुटत असलेल्या माणसाचीही घाई लाजेल.

आठ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याआधी पिलिप नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी काम निघाले. धन्यांनी भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली.

"दाजी, खूण इथं. तीन फूट."

"अरे बाबा, तिथं आत आडवा दांडा आहे. नळी वळवायला अर्धा दिवस खाशील. कायद्यात बारा इंच आहे ना? बारा दे नि मोकळा हो."

"कायद्यात बर्फाच्या वर असंही आहे. आणि पिलिपकाका काड लावतात."

"काड! तुझ्या टाळक्यातच काड भरलंय."

दुसरा दिवस पोक्रोवाचा, देवमातेच्या पदराचा सण. धनी त्या दिवशी हत्याराला हात लावत नसत. ते बहिणीला घेऊन देवळात गेले आणि मी पिलिपकाकांच्या ओसरीवर पेटीत राहिले. लेव्को एकटाच आला. दांडा जिथे नव्हता तिथे, जमिनीलगत, नुसत्या नजरेच्या अंदाजाने त्याने भोक पाडले. मग त्याला रंगाचा डबा उघडायचा होता आणि पेचकस सापडेना. त्याने मला उचलले, माझे टोक झाकणाखाली घातले आणि जोर दिला.

माझा पहिला इंच तुटून गवतात पडला. त्याने वाकूनही पाहिले नाही.

संध्याकाळी धनी आले तेव्हा भिंत बंद करून रंगही लावून झाला होता. ते त्या खालच्या तोंडापुढे वाकून बसले. लेव्कोने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "वसंतात वर घेऊ. पिलिपला मी सांगतो, या बाजूला काड लावू नको म्हणून. शब्द देतो. बहिणीच्या नवऱ्याला परक्याच्या अंगणात खोटं पाडशील का?" धनी गप्प बसले. ती त्यांची चूक. मी माझ्या धन्यांचीही चूक लपवणार नाही.

लेव्कोने पिलिपकाकांना काहीही सांगितले नाही. विसरला असेल, किंवा नसेल. मला त्याने फरक पडत नाही.

जानेवारीत काडाने पेट घेतला. पिलिपकाकांनी बायकोला बाहेर काढले आणि जळते गठ्ठे उघड्या हातांनी ओढत राहिले. घर गेले. दोन्ही तळवे असे भाजले की त्यांना पुढे सदऱ्याचे बटणसुद्धा लावता आले नाही.

चौकशीला साहेब आले. तोंड जमिनीपासून अकरा इंचांवर निघाले. तेव्हा लेव्कोने मला सगळ्या गावापुढे उंच धरले.

"हे बघा साहेब. पट्टीच एक इंच आखूड! मेव्हण्यानं बारा वाचले, भरले अकरा. मी आपला विश्वासानं राहिलो."

सगळ्यांनी माझ्या तुटक्या टोकाकडे पाहिले आणि सगळ्यांना पटले. कोपऱ्यात ओलेना रडत होती. धन्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले, आणि तोंड उघडलेच नाही. परवाना काढून टेबलावर ठेवला. त्यानंतर देवळात ते सगळ्यात मागच्या बाकावर बसू लागले. तिसऱ्या वर्षी गेले. शवपेटीशी ओलेना म्हणाली, "भावा, इतकी साधी चूक कशी रे केलीस!" हे मी माझ्या कानांनी ऐकले.

त्या दिवसापासून मी नेम धरला. धनी सकाळी प्रार्थना म्हणत, त्या वेळेला मी लेव्कोचे नाव घेऊ लागले. आवाज न चढवता, शांतपणे, एकदा. शुक्रवारी आमच्याकडे उपास असतो, म्हणून शुक्रवारी दोनदा. पाच वर्षांत एक दिवस खंड पडला नाही. माझे मागणे एकच होते: त्याने जे दुसऱ्याच्या दारी केले, ते त्याच्या दारी होवो.

धन्यांची मुलगी झेनोविया बापाचेच काम शिकली. परवाना मिळाला त्या दिवशी तिने मला पेटीतून काढून खिशात घातले. तिच्याकडे चांगली पोलादी टेप होती. तरी मी तिला हवी होते. मोजताना ती मला एक इंचाच्या रेघेपासून धरायची आणि शेवटी एक वजा करायची. कधी चुकली नाही.

आणि या हिवाळ्याआधी, मित्रांनो, माझे मागणे चालत दारात आले. ओलेनाआत्यांचा फोन होता. त्यांना दमा जडला होता. डॉक्टरांनी लाकडाची चूल बंद करायला सांगितली होती. खोलीतली हवा खराब न करणारी बंद काचेची फायरप्लेसच हवी होती, आणि कडाक्याची थंडी दहा दिवसांवर आली होती. परवाना असलेली, एवढ्यात येऊ शकणारी फिटर जवळपास एकच होती.

"येते आत्या," झेनोविया म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्या तुटक्या टोकावरून अंगठा फिरवत राहिली.

लेव्को म्हातारा झाला होता, पण घाई तीच होती.

"ये पोरी. जागा मी ठरवून ठेवलीय. इथं, खालीच काढ तोंड. सोपं काम."

झेनोवियाने आधी घर पाहून घेतले. ती आत फिरली, बाहेर फिरली. एका बाजूला खिडकी जवळ पडत होती, दुसऱ्या बाजूला गॅसचे मीटर. मधे एकच जागा, आणि साडेतीन फुटांवर तोंड काढायचे तर नळी आतून थेट देवमातेच्या तसबिरीखालून जाणार. तसबीर आणि तिच्यावरचे कशिद्याचे वस्त्र दोन्ही हलवावे लागणार.

"ती हलवायची?" लेव्को हसला. "माझ्या आईनं लावलेली आहे ती. तुझी आत्या मला घराबाहेर काढील. खालीच काढ म्हणतो ना."

"आतोबा, तुम्ही काड लावता?"

"लावतो की. पण त्या बाजूला नाही लावणार. शब्द देतो."

तोच शब्द! माझ्या अकराही बिजागऱ्या कडकडल्या. मी मनात म्हणाले, पाड पोरी, पाड भोक खाली. तो स्वतः सांगतो आहे, त्याच्याच भिंतीत, त्याच्याच तोंडाने. दोन हिवाळ्यांत तो काडाचे विसरेल. मग बर्फ, काड आणि तापलेले तोंड आपसांत काय ते बघून घेतील. खरे सांगते मित्रांनो, आत त्याच खोलीत आत्या झोपणार होत्या, हे मला त्या क्षणी आठवलेही नाही. मला फक्त लेव्को दिसत होता.

झेनोवियाने बाहेर जाऊन पेन्सिल काढली आणि भिंतीवर फुली मारली. खाली. पिलिपकाकांच्या घरी होती तितकीच खाली.

माझा आनंद कुठे ठेवू असे झाले.

मग तिने खिडकीवर टकटक केली. "आत्या, शाल घे नि खिडकीत बस. कागद-पेन्सिल घे. माप लिहून घ्यायचंय." आत्या धापा टाकत खिडकीत येऊन बसल्या. झेनोवियाने मला लेव्कोच्या हातात दिले.

"मी कशाला?" तो म्हणाला.

"माझ्या बाबांची पट्टी खोटी आहे ना? मग मी मोजलेलं तुम्हाला कसं चालेल? तुम्हीच मोजा. आणि मोठ्यानं वाचा."

त्याचे हात गार होते. त्याने माझे तुटके टोक जमिनीला टेकवले आणि फुलीपर्यंत पाहिले. "बारा."

"बारा," आत्यांनी लिहिले. मग त्यांची पेन्सिल थांबली. "थांबा. टोक तुटकंय ना तिचं? मग अकरा झाले."

"अकरा," झेनोविया म्हणाली. "पिलिपकाकांकडे होते तेवढेच. आत्या, तिथल्या परवानगीच्या कागदाची नक्कल आहे माझ्याकडे. भोक पाडल्याची तारीख चौदा ऑक्टोबर लिहिलीय."

"चौदा?" आत्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. "चौदा म्हणजे पोक्रोवा. छे गं. त्या दिवशी तेओदोर सकाळपासून माझ्याबरोबर देवळात होता. माझी मेणबत्ती त्यानंच धरली होती, मला उभं राहवत नव्हतं म्हणून." त्या लेव्कोकडे वळल्या. "अहो, मग भोक कोणी पाडलं?"

लेव्को मला मिटायला लागला. घाईघाईने. आणि मित्रांनो, पाच वर्षांच्या नेमाचे पहिले फळ मला तिथे मिळाले. त्याचे बोट माझ्या सातव्या बिजागरीत होते. मी मिटले.

"आई गं!"

"नव्या माणसाला चावते ती," झेनोविया म्हणाली. "आत्यानं काहीतरी विचारलं, आतोबा."

लेव्को बोट तोंडात घालून उभा राहिला. उत्तरेचा वारा सुटला होता. आत्यांची धाप खिडकीतून ऐकू येत होती, पण त्या खिडकी लावून घेत नव्हत्या.

"मी पाडलं," तो म्हणाला. "त्यानं तीन फूट सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पट्टीही मीच तोडली, डबा उघडताना."

"आणि पिलिपला काडाचं कोण सांगणार होतं?" आत्यांनी विचारले.

"मी."

आत्यांनी पेन्सिल खिडकीत ठेवली. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. आम्ही जाऊन पाहिले तर आत्या स्टुलावर चढून भिंतीवरून तसबीर काढत होत्या.

"आत्या, पडशील!"

"नाही पडत. देवमाता काय, समोरच्या भिंतीवरही बसेल. हलवायला चालेल का, ते तिला नि मला विचारायचं सोडून यांनी परस्पर कसं ठरवलं?" त्यांनी वस्त्राची घडी केली, तसबीर छातीशी धरली आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "माझ्या भावाला मी त्याच्या शवपेटीशी बोल लावला. इथं मला एकटीला सांगून भागणार नाही तुमचं. रविवारी देवळाच्या हॉलमध्ये सांगायचं. सगळ्यांसमोर."

"ओलेना, आठ वर्षं झाली..."

"म्हणूनच."

झेनोवियाने खालची फुली खोडली आणि वर, साडेतीन फुटांवर नवी मारली. मला राग आला. मग मला कळले की खाली भोक पाडायचे तिच्या मनात कधीच नव्हते. तिला फुली फक्त त्याच्या तोंडून आकडा काढण्यापुरती हवी होती. माझ्यापेक्षा पोर वरचढ निघाली.

रविवारी देवळाच्या तळघरातल्या हॉलमध्ये बायका पिरोगी, म्हणजे उकडायच्या करंज्या, करत होत्या. पिठाच्या चकत्या, बटाट्याचे सारण, भराभर चालणाऱ्या चिमट्या. पिलिपकाका भिंतीशी खुर्चीत बसले होते. लेव्को टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याने सगळे सांगितले. सुरुवातीला पुटपुटला. मागून एक बाई ओरडली, "मोठ्यानं बोल की, पट्टी उंच धरून दाखवलीस तेव्हा आवाज होता!" मग तो मोठ्याने बोलला.

सगळ्या चिमट्या थांबल्या.

पिलिपकाका खुर्चीतून पुढे झुकले. "आठ वर्षं मी तेओदोरला शिव्या देतोय," ते म्हणाले. "रोज. तो मेल्यावरसुद्धा. त्या मी आता परत कशा घेऊ, लेव्को?"

कुणीच लेव्कोला बसायला सांगितले नाही.

"हात चालवा गं," आत्याच शेवटी म्हणाल्या. "पाणी उकळतंय." चिमट्या पुन्हा सुरू झाल्या, पण हळू. झेनोविया माझ्यावरची मूठ सोडेना. पुढच्या रविवारपासून धन्यांच्या नावाने जी मेणबत्ती लागते, ती मागच्या बाकाशी लागत नाही, पुढे लागते. ती पिलिपकाका लावतात; त्यांच्या हातांनी जमत नाही म्हणून काडी तेवढी त्यांची बायको ओढते.

सोमवारी परवानगीचा कागद आला आणि काम सुरू झाले. झेनोवियाने भिंतीतल्या तारा शोधल्या, दांडे शोधले, लाकडापासून नळीला हवे तेवढे अंतर सोडून चौकट बांधली. गॅसच्या नळीवर हाताशी येईल असा बंद करायचा खटका बसवला. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावले आणि बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून पाहिले. आत्यांच्या खोलीबाहेर विषारी वायूचा इशारा देणारी पेटी लावली. इन्स्पेक्टर येऊन पाहून गेल्यावरच ज्योत पेटवली. आत्या समोर बसल्या आणि बऱ्याच दिवसांनी एका दमात पूर्ण वाक्य बोलल्या: "अगं, उजव्या गुडघ्यालासुद्धा ऊब लागतेय."

निघताना झेनोवियाने दारामागे एक खिळा ठोकला आणि मला त्यावर टांगले. मला! मी म्हणाले, पोरी, मला या माणसाच्या घरात सोडतेस?

"आतोबा," ती म्हणाली, "दर वेळी बर्फ पडला की बाहेर जायचं. तोंडाभोवतीचं साफ करायचं. मग हिनं मोजायचं, बर्फापासून तोंडापर्यंत किती इंच. आणि मला फोन करायचा."

"दर वेळी?"

"दर वेळी. या हिवाळ्यात, पुढच्या हिवाळ्यात, जिवंत आहात तोवर. आत्या झोपते त्या खोलीत."

मग मला कळले की मला सोडलेले नाही. मला नेमले आहे.

आतापर्यंत सव्वीस वेळा बर्फ पडला. सव्वीस वेळा तो माझ्यापाशी आला आहे. मी थंडीत आकसते, तेव्हा बिजागऱ्या जास्तच घट्ट होतात. त्याला मला उघडायला दोन्ही हात लागतात. तो मोजतो, एक वजा करतो, आत येतो.

"चौतीस," तो फोनवर सांगतो.

"पुन्हा मोजा, आतोबा."

तो पुन्हा जातो.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनी मोजपट्टी असेल तर तिने डबे उघडू नका. घरात कसलीही आग आणण्याआधी तिचे तोंड बाहेर कुठे उघडणार, ते स्वतः जाऊन पाहा, आणि त्याच्यापुढे काड, लाकूड, बर्फ काही साचू देऊ नका. जाणत्या माणसाने मारलेली खूण घाईपायी खाली सरकवू नका. आणि एखादे माप चुकले, तर ते कुणी घेतले होते ते आधी विचारा; मुक्या वस्तूला उंच धरून दाखवू नका. ती लक्षात ठेवते.

मी लेव्कोला क्षमा केलेली नाही. लोक म्हणतात करावी. सकाळचे त्याचे नाव मी अजून घेते, फक्त मागणे बदलले आहे: त्याला मोठे आयुष्य मिळो, आणि भरपूर बर्फ पडो.

बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली आहे. तो खुर्चीत बसला आहे, गुडघे चोळतो आहे, खिडकीकडे पाहायचे टाळतो आहे. उठेल. मला घाई नाही.